बिराजदार डॉक्टरांची निळी नळी

मंडळी, बसून घ्या. मागं उभे हाईत त्यांनी पण बसा. सुमनअक्का, डॉक्टर गेल्यापासनं तुम्ही धड जेवला न्हाईत, आधी घोटभर पाणी प्या.

आतापर्यंत ह्या शोकसभेत सगळे डॉक्टरांना देवमाणूस म्हणाले. मला तसं बोलायला येत न्हाई. पण मटणाच्या बाजारातनं कुणी तरी बोललं पाहिजे. मी जेमतेम सही करण्यापुरती शिकले. दुकान मात्र नवऱ्याच्या मागं मीच चालवते, हे अख्ख्या हुलसूरला म्हाईत हाय.

बिराजदार डॉक्टर जनावरांच्या दवाखान्यात आले तवा आमच्या बाजारात त्यांचं कौतुक कुणीच केलं न्हाई. कामून करावं? सकाळी धंद्याच्या टायमाला यायचे आणि मटणाचा बोटाएवढा तुकडा मागायचे. उकळून गार केलेल्या पाण्यात तो खळबळायचे, ते पाणी काचेच्या नळीत घ्यायचे, वरनं निळ्या औषधाचे थेंब टाकायचे. नळी कोमट पाण्यात उभी करायची आणि बघत बसायचं. मटणावर जंतू जास्त असले की निळा रंग उडतो, पाणी पांढरं पडतं. जितके जास्त, तितकं लवकर. चांगल्या मटणाची नळी दुपार कलली तरी निळीच.

आणि हे कोण करायचं? ज्यांच्या घरात कधी अंडं फुटलं न्हाई, ते! रसूलचाचा तोंडावर म्हणायचे, "डाक्टर साब, खाते नै, फिर सूंघते कायको?" डॉक्टर म्हणायचे, "चाचा, मैं सूंघता नै. नली देखती."

मी पण सोडलं न्हाई. म्हटलं, "आमच्या नाकाला काय झालंय? मटण बिघडलं की वासावरनं कळतंय की."

"गंगाक्का, आधी जंतू वाढतात. वास मागनं येतो."

"मग बीदरला पाठवा तपासायला. आमचा धंदा कामून अडवायलाव?"

"तिथनं उत्तर येईस्तोवर मटण लोकांच्या पोटात गेलेलं असतंय. मला विकायच्या आधी कळायला पाहिजे."

मी म्हटलं, माझं एकटीचं बघायचं न्हाई, सगळ्यांचं बघा, सगळ्यांच्या समोर बघा. तवापासनं नळ्या बाजाराच्या मधी, लिंबाखाली लागायला लागल्या. मी भांडले म्हणून लागल्या. त्याचं मला आजही काही वाटत न्हाई.

आता कंदुरीचं सांगते. माझ्या नातवाची कंदुरी होती, दर्ग्यात नवसाचे बोकड कापून पंगत घालायची. बोकड नेहमी सकाळी कापतात. पण उदगीरचे पाहुणे लवकर येणार म्हणून व्याह्यांनी हट्ट धरला आणि सांजच्यालाच कापले. दिवस उन्हाळ्याचे. मटण टोपल्यात भरलं, वरनं ओलं फडकं. सकाळी डॉक्टर आले, त्यांच्यासाठी पिठल्याची वेगळी पातेली काढून ठेवली होती. ते बसले नळी लावून. मी म्हटलं, आज तरी ऱ्हाऊ द्या. ऐकतील ते डॉक्टर कसले!

चुली नीट पेटल्या न्हाईत तोवर नळी पांढरी.

व्याही ओरडले, "शिजवल्यावर जंतू मरत न्हाईत का?" डॉक्टर म्हणाले, "जंतू मरतात. पण काहींनी सोडलेलं विष उकळूनही जात न्हाई. आणि कुठला जंतू हाय ते ही नळी सांगत न्हाई, लई झालेत एवढंच सांगते. पुढचं तुम्ही ठरवा."

पाहुणे गाड्यांतनं उतरायलेत. लेक माझ्या तोंडाकडं बघायलीय. माझ्या हातात आख्ख्या सोयरिकीची अब्रू. मी टोपल्या उचलल्या आणि खड्डा करून पुरायला लावल्या. मोठ्या पातेल्यात पिठलं करून सगळ्यांना वाढलं. व्याही म्हणाले, "डॉक्टरांनी अख्ख्या कंदुरीला आपल्या पंगतीत बसवलं की!" वर्षभर ऐकलं मी ते.

कुणी आजारी पडलं न्हाई. म्हणून लोक विचारतात, खाल्लं असतं तर काय झालं असतं? मला काय म्हाईत? लेकराबाळांना वाढून बघायचं होतं का?

डॉक्टर तिथं थांबले न्हाईत. मला विचारलं, "रात्रभर मटण कशात ठेवलं होतं?" म्हटलं, "ओल्या फडक्याखाली. बाजारात ठेवतो तसंच." तुम्हाला आठवत असंल, तवा आपण सगळेच ठेवायचो. माशा बसू नयेत, मटण सुकू नये, गिऱ्हाइकाला ताजं दिसावं. फडकं वाळलं की परत त्याच बादलीत बुडवायचं. डॉक्टरांनी एक मांडी मधी चिरायला लावली. अर्धी फडक्याखाली, अर्धी जाळीच्या पेटीत कोरडी. मग दोन नळ्या. फडक्याखालच्या मांडीची नळी आधी पांढरी पडली, दुसरी कितीतरी वेळ निळी ऱ्हायली. ज्याला आपण स्वच्छता म्हणत होतो, तिथंच जंतू पोसत होतो. सगळ्यात आधी रसूलचाचांनी सुताराकडनं जाळीचं कपाट करून घेतलं. सगळ्यात आधी! बसलेत बघा, मान हालवायलेत.

मागल्या आठवड्यात डॉक्टर नौबादला लेकीकडं गेले आणि तिथंच छातीत कळ येऊन गेले. आणि परवा बाजारात माझ्या कानावर काय आलं? "चला, नळीची कटकट मिटली." कोण बोललं ते मला म्हाईत हाय. नाव घेत न्हाई. डॉक्टरांच्या मालकीणबाई सुमनअक्का बसल्यात समोर.

नवा डॉक्टर कवा येईल, त्याला ह्यात गोडी असंल का, कुणाला ठाऊक. पण कंपाउंडर शिवरुद्रप्पा नळ्या लावायला तयार हाईत. शिकवलंय त्यांना डॉक्टरांनी. औषध हाय. फक्त मटणाचा तुकडा आपण द्यायचा हाय. त्याचा कायदा न्हाई, दंड न्हाई. डॉक्टरांनी कुणाचा हात धरून तुकडा घेतला न्हाई, मी पण घेणार न्हाई.

आता आपण दोन मिनिटं गप उभं ऱ्हायचं हाय. पण त्याच्या आधी एक. उद्या सकाळी लिंबाखाली ज्याला तुकडा द्यायचा न्हाई, त्यानं आत्ताच घरी जावं. डॉक्टरांसाठी खोटं उभं ऱ्हायची गरज न्हाई. मी थांबते. जा, खुशाल जा.

कुणी न्हाई?

रसूलचाचा, तुम्ही का उठलाव?... पहिला तुकडा तुमचा? बरं.

मग उठा सगळे. आणि आता कुणी बोलू नका.