भोकं पाडलेला बंब

...थंडगार हो, अगदी बर्फ! पौषातली झाशी, धुकं असं की समोरची भिंत दिसेना, आणि अंगावर पहिला तांब्या ओतला तशी मी न्हाणीघरातच बोंब ठोकली. तुम्ही म्हणाल, आजी, पाणी तापवायचं नाही का? अहो, तीच तर रडकथा! तुम्हाला सांगते, आमची सून विजयालक्ष्मी, गुणी पोर, मी नाही कशाला म्हणू? पण एक खोड. कुणी सांगायच्या आधीच करून मोकळी!

मानिक चौकाच्या गल्लीत आमचा गजकचा कारखाना. तीळ-गुळाचा धंदा, संक्रांतीला माल उठला तर वर्ष निघतं, नाही तर बसा भिंतीकडे बघत. कोळशाची भट्टी माझ्या सासऱ्यांच्या वेळची. तर गेल्या वर्षी दिवाळी सरली आणि बघते तर काय, सूनबाई भट्टी फोडून घेतायत! गॅसची आणली. "आई, धूर फार होतो, गल्लीतली मुलं खोकतात." अगं, मुलं खोकतातच! साहेब आला होता? नोटीस आली होती? कुणी सांगितलं होतं का?

माझा मधु, तिचा नवरा, डोकं धरून बसला. गॅस महाग, म्हणून गजक महाग, म्हणून इलाइट चौराह्यावरच्या दुकानदारांनी माल परत पाठवला. "आई, या संक्रांतीला नाही उठला तर कारखान्याला कुलूप." आणि समोरचे सेठजी, त्यांचाही गजकचाच कारखाना, ते दारात उभे राहून दात काढतात, "काए अम्मा, बहू गजक बना रई कै अस्पताल खोल रई?" मला गल्लीत तोंड वर करायची चोरी! सून म्हणाली, खाऊन तर बघा. बघितली. काजळी नाही, तीळ पांढरेशुभ्र, धुराचा वास नाही... चांगली होती. पण मी बोलले नाही. बोलायचं कशाला? कुणी सांगितलं होतं का?

मग पडलं धुकं. धुक्यात धूर, धुरात धुकं, साऱ्या शहराचे डोळे चुरचुरायला लागले. आणि संक्रांत तोंडावर असताना आले साहेब लोक! "कोयले की सब भट्टियाँ बंद! अगले हुकुम तक!" एकेक भट्टी विझत गेली, आणि आमची? निळ्या ज्योतीवर पाक रटरटतोय! साहेबांनी वाकून बघितलं, एक तुकडा तोंडात टाकला आणि पुढच्या कारखान्याकडे वळले. मग काय विचारता, दुकानदारांची रीघ! तेच हो, माल परत पाठवणारे, आता "भाभीजी, पहले हमें!" कुलूप लावायला फुरसत कुणाला होती? आणि सेठजी? हात जोडून दारात! "बहूजी, गुड़ धरो-धरो पसीज रओ, हमें सोई अपनी भट्टी पै पाक कर लेन दो..." धुक्यानं त्यांचा गूळ पाझरायला लागलेला. दिली की हो हिनं! दुपारभर आमच्या भट्टीवर त्यांची गजक!

त्यावरून मला शहाणपण सुचलं. माझा तांब्याचा बंब, गुरसरायच्या माहेरचा, लाकडं घालून पाणी तापवायचा, धूर म्हणाल तर रेलगाडीसारखा. यंदा सुनेनं गच्चीवर उन्हात पाणी तापवायची ती सोलरची टाकी बसवली. म्हटलं, आता हिचा डोळा बंबावर. हिनं तोंड उघडायच्या आधी आपणच पुढे व्हावं, आपण काय कमी आहोत? ठठेऱ्याकडून, आपल्या तांबटाकडून हो, बुडाला भोकं पाडून घेतली, माती भरली, तुळस लावली. मिरवलं चार बायकांत!

आणि आज सकाळी माझी बोंब ऐकून सूनबाई धावत आल्या, हातात लाकडं. "आई, धुक्यात सोलरचं पाणी कुठलं तापायला? म्हणून तर मी तुमचा बंब ठेवणार होते... बंब कुठाय?" मी बोट दाखवलं. तिनं तुळस बघितली, भोकं बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"आई, कुणी सांगितलं होतं का?"

आता काय... अंघोळ झाली की तुळशीला पाणी घालते. तिलाही थंडगारच!