शिंदे साहेबांचे पाच 'का'

आमच्या काळेवाडीच्या रिपेरिंगच्या दुकानात परवा काय झालं, ऐका राव. शिंदे साहेब आले. चाकणला कंपनीत क्वालिटीला आहेत. त्यांच्या पोरीच्या हातातल्या व्हिडिओ गेमला आदल्या दिवशीच मी नवी स्क्रीन टाकून दिली होती. तोच गेम काउंटरवर आपटला.

"आवाज येतोय, चित्र नाही! पोरगी बोलत नाही माझ्याशी. आमच्या कंपनीत पाच वेळा 'का' विचारतात, मूळ कारण सापडतंच. सांगा, स्क्रीन काळी का?"

मी खोलून बघितलं. "स्क्रीनची पट्टी सॉकेटमध्ये नीट बसली नाही."

"का?"

"तिचं लॉक दाबायचं राहिलं."

"का?"

"माझं लक्ष नव्हतं."

"का?"

"समोर एक गिऱ्हाईक सारखं बोलत होतं."

"मग त्याला गप्प का नाही केलं?"

"कसं करणार? तुम्हीच होता की, साहेब!"

साहेब तडक बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी लॉक दाबलं, गेम चालू केला, चित्र लख्ख आलं. तसाच वर धरून त्यांना दाखवला, तर पायरीवरूनच ओरडले, "बघितलं? पद्धत कधी फेल जात नाही!"