चाकणची नेमणूक

शालन : मग तुमालाच का?

सोनबा : मलाच का म्हंजे? चौदा वरसं गेटवर हाय मी. एक हजेरी चुकली न्हाई. सायेबलोकांचं लक्ष असतंय समदीकडं.

शालन : गेटवर तुमी सा जन हाय. उद्धवराव तुमच्या आधीपासनं हाय, मिलट्रीत व्हता, इंग्रजी बोलतोय. त्याला सोडून सुपरवायझर तुमाला?

सोनबा : उद्धवरावाला चाकनकडचं काय म्हाईत? खेडच्या बाजूची म्हायती असल्याला मानूस पायजे त्यास्नी.

शालन : तुमी कुठं खेडच्या बाजूचे? जल्माचे दिघीचे तुमी. तिकडची मी हाय.

सोनबा : तेच की. बायकूचं म्हायेर जवळ म्हनल्यावर मानूस तितं रमंल, पळून येनार न्हाई, असं म्हनले सायेब.

शालन : सायबाला माझं म्हायेर कसं ठावं?

सोनबा : बोलन्यात आलं असंल कवातरी.

शालन : मोटारीची काच खाली करत न्हाई त्यो मानूस. तुमीच सांगता. आन गेटवर उतरून तुमच्यासंगं माझ्या म्हायेराचं बोलला?

सोनबा : तुला कशातबी खोटच दिसती. अगं, पगार दीडपट व्हनार. ऱ्हायला खोली. ईज हाय तिच्यात. तितं नवी कंपनी उभी ऱ्हानार, मोकळ्या माळावर. त्या साइटचा मी सुपरवायझर. बसायला टेबल, खुर्ची.

शालन : आन घराला कुलूप लावायचं. दोन म्हशी इकायच्या. पोरीची नववी हाय, तिची शाळा मोडायची.

सोनबा : चाकनला बी शाळा हाय.

शालन : आन काम काय करायचं तितं?

सोनबा : देखरेख.

शालन : मोकळ्या माळाची?

सोनबा : गप ऱ्हा जरा. सायकल वाजली. टाइम ऑफिसातले साठेसायेब आले असतील कागद घेऊन. आज सुट्टी हाय तरी आपल्यापायी आले. त्यांच्याम्होरं आसं उलटं इचारत बसू नको.

प्रभाकर : सोनबा, आहात का घरी?

सोनबा : या साठेसायेब, या. ह्या घोंगडीवर बसा. शालन, च्या ठेव.

प्रभाकर : चहा नको खरं तर, पुढे सांगवीला बहिणीकडे जायचंय. बरं, घ्या अर्धा कप. वहिनी, अभिनंदन. वॉचमनचा एकदम सुपरवायझर होणारा माणूस आमच्या कंपनीत पहिलाच.

शालन : म्हनूनच इचारते सायेब, पयलाच का?

सोनबा : शालन!

प्रभाकर : विचारू द्या हो. विश्वासू माणूस हवा होता, वहिनी. दुसरं काही नाही. हा बघा कागद. इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगतो. पद, साइट सुपरवायझर. नेमणुकीचं ठिकाण, चाकण. एक खोली, भाडं कापणार नाही. चोवीस तास जागेवर हजर राहणं अपेक्षित. सुट्ट्या महिन्यातून दोन, त्याही आधी कळवून. वरून बोलावणं आलं तर सुट्टी रद्द. काम कडक आहे, ते लपवत नाही मी. आणि इथे खाली सही.

शालन : मधी एक वळ ऱ्हायली सायेब.

प्रभाकर : कुठली?

शालन : ती मला वाचता येतीया व्हय? पर समद्या वळींखालनं तुमचं बोट फिरलं. हितं उचललं आन हितं ठिवलं.

प्रभाकर : ते नेहमीचं असतं. सगळ्यांच्याच कागदावर असतं तसं काहीतरी.

शालन : समद्यांच्या कागदावर हाय तर वाचायला काय झालं?

सोनबा : अगं, सायेब घरी आलेत आपल्या. कोर्टात उभं केल्यावानी काय करतीस?

शालन : च्या दिला की त्यास्नी. वाचा सायेब.

प्रभाकर : "सदर पद सोबतच्या यादीतील जमिनींची खरेदी पूर्ण होईपर्यंतच राहील."

शालन : मला समजंल आसं सांगा.

प्रभाकर : कंपनीला तिथे जमीन घ्यायचीय. शेतकऱ्यांशी बोलणी चालू आहेत. ती खरेदी होईतो हे पद आहे. पुढे कंपनी बघेल काय ते.

शालन : आन हितली गेटवरची नोकरी?

प्रभाकर : ती जागा लगेच भरतील. रिकामी ठेवता येत नाही.

शालन : म्हंजे खरेदी झाली की तितली बी न्हाई आन हितली बी न्हाई.

प्रभाकर : तसं अगदी लिहिलेलं नाही.

शालन : वाचलं नसतंत तर हे बी लिव्हलेलं नव्हतं. यादी कुठं हाय?

प्रभाकर : यादी ऑफिसात असते.

शालन : सोबतची म्हनलात आता.

प्रभाकर : मागच्या पानावर आहे. सातच नावं आहेत. हिंदुराव गोरे. कोंडाजी कड. त्यांचे भाऊ. मग... भिमाजी गेनू कड.

शालन : वाचा म्होरं.

प्रभाकर : नको, वहिनी. पुढची तुमच्या ओळखीची नसतील.

शालन : भिमाजी गेनू. माझा पाठचा भाऊ. त्याची हिर, त्याचं वढ्याकाठचं रान. आवं, तुमी चमकला न्हाई.

सोनबा : काय?

शालन : भिमाजीचं नाव निघालं तशी मी हातातली बशी खाली ठिवली. सायबांचा आवाज बसला. तुमी बाहेर म्हशीकडं बघत ऱ्हायला. तुमी चमकला न्हाई.

सोनबा : अगं, ऐकलं न्हाई मी नीट.

शालन : सायेब, खरं सांगा. माझ्या भावाचं नाव हाय म्हनून ह्यास्नी निवडलं ना?

प्रभाकर : बाकीचे सहा तयार आहेत म्हणतात. त्यांचं रान अडचणीचं नाही. रस्ता आणि पाणी भिमाजींच्या शेतातून येतं. ते कुणाला दारात उभं करत नाहीत. मला एवढंच माहीत आहे.

शालन : आन वळ गाळायला कुनी सांगितली तुमाला?

प्रभाकर : कुणी नाही. कागद देताना साहेब म्हणाले, वाचून दाखवा, फार खोलात जाऊ नका. मग काय गाळायचं ते मीच ठरवलं. मला वाटलं, सोनबांना चांगली संधी आहे, एका ओळीपायी जायला नको. चुकलं माझं. येतो मी. सोनबा, उद्या दहाला कागद लागेल. सहीसकट किंवा तसाच.

सोनबा : च्या तरी...

प्रभाकर : झाला चहा.

शालन : गेले का?

सोनबा : गेले. नाक कापलंस माझं.

शालन : कवापासनं ठावं व्हतं?

सोनबा : दिवाळीच्या आधीपासनं.

शालन : इतकं म्हयनं? एका ताटात जेवलो आपन.

सोनबा : सायबाच्या मोटारीत चाकनचा नकाशा व्हता. गेटवर मोटार थांबली, मी आत बघितलं, वढा आन हिर वळखली. ड्रायव्हरला म्हनलं, ह्ये तर आमच्या मेव्हन्याचं रान. ड्रायव्हरनं सायबाला सांगितलं. दुसऱ्या दिशी सायबानं काच खाली केली.

शालन : आन तुमी काय म्हनला?

सोनबा : म्हनलं, माझं ऐकंल त्यो.

शालन : ऐकंलच. त्यांच्या घरची पोरगी दिल्याला जावय तुमी. पोटचं काढून देईल. तुमाला ठावं व्हतं म्हनून तर म्हनला.

सोनबा : हे बघ शालन, ती जिमीन जानारच. आज न्हाई तर दोन वरसांनी. मी मधी असलो तर भाव बरा मिळंल त्याला. कुनी परका फसवून जाईल.

शालन : चौसष्ट साली आपली जिमीन कंपनीला इकायला लावताना तुमच्या रंगरावकाकानं हेच सांगितलं आपल्याला. ह्याच घोंगडीवर बसून. घरातला मानूस मधी हाय, म्हनला, फसनार न्हाई. त्याच्या घरात आजपतुर पानी प्यालात?

सोनबा : माझी आन त्याची बरोबरी करतीस?

शालन : मग तुमीच सांगा, येगळं काय हाय ते.

सोनबा : गेट जितं हाय ना, तितं आपलं खळं व्हतं. तुला ठावं हाय. रोज सकाळी मोटारी येत्यात, मी फाटक वढतो, सलाम ठोकतो. माझ्याच खळ्यात उभा ऱ्हाऊन. पयल्या पयल्यांदा काय वाटलं न्हाई, पगार व्हता. आता पाय दुखायला लागले तसं वाटतंय. कुनी तरी म्हनावं, सोनबा, बस. खुर्ची घे. यवढंच. भिमाजीचं वाईट व्हावं आसं कवा मनात आलं न्हाई, तुझ्या गळ्याची आन.

शालन : म्हनून त्याच्या खळ्यात खुर्ची टाकायची?

सोनबा : नको म्हन. उद्या न्हाई सांगतो.

शालन : मी नको म्हनले म्हनून न्हाई सांगाल, आन जलमभर मला बोलून दाखवाल. तसं नको. लुगडं बदलते, बाराची यष्टी गावंल. कागद घ्या संगं. भिमाजीम्होरं ठेवा, ती गाळल्याली वळ बी सांगा आन दिवाळीपासनचं बी. मग त्यो म्हनंल तसं.

सोनबा : त्याच्या तोंडाकडं बघवनार न्हाई मला.

शालन : मग सही कशी करनार व्हता?

(त्याच दिवशी, दिवस कलताना. चाकणहून भोसरीकडे येणारी एस.टी.)

सोनबा : भिमाजीनं न्हाई म्हनायला पायजे व्हतं.

शालन : व्हय.

सोनबा : शिव्या द्यायच्या. कागद फाडायचा. तयारी करून गेलो व्हतो मी. शाळेतल्या गुरुजींकडनं दोनदा वाचून घेतला त्यानं, आन म्हनला काय, दाजी, तुमाला बढती मिळत आसंल तर मी सही करतो. हसून म्हनला. आक्का जवळ ऱ्हायला यील, म्हनला.

शालन : मी बघत व्हते तुमच्याकडं.

सोनबा : ठावं हाय. त्या टायमाला मी हां म्हनलो असतो तर?

शालन : मी तितंच ऱ्हायले असते, म्हायेरी. मनाशी ठरवूनच चढले व्हते यष्टीत.

सोनबा : आसं कवा बोलली न्हाईस.

शालन : तुमी बी दिवाळीपासनं बोलला न्हाई.

सोनबा : मला पयल्यांदा वाटलं, त्याच्या मनात आधीच असंल इकायचं. म्हनून यवढ्या झटक्यात म्हनला. आपल्यावर उपकार बी, आन त्याचं काम बी.

शालन : मला बी तोच वास आला. म्हनून सैपाकघरात गेले आन अंबूला इचारलं. त्याची बायकू खोटं बोलायची न्हाई.

सोनबा : काय म्हनली?

शालन : भाकरी थापत व्हती. मान वर केली न्हाई. म्हनली, वन्सं, त्यांचं बोलनं धरू नका, पावनं आलं की ते कायबी कबूल करत्यात. मागल्या म्हयन्यात हिरीवर नवं इंजन बसवलंय. इकनारा मानूस इंजन बसवतोय व्हय? आन मग तिच्या डोळ्यात पानी आलं. धुरानं म्हनली. चुलीत धूर नव्हता.

सोनबा : इंजन मला दावलं त्यानं. तू आत व्हतीस तवा. हँडल माझ्या हातात दिलं, म्हनला, दाजी, तुमी मारा. पयल्या झटक्यात चालू झालं. पाटात पानी आलं, कांद्याच्या वाफ्यात शिरलं. त्यो काय बोलत व्हता, मला काय ऐकू येत नव्हतं, इंजनाचा आवाज. नुसता हात हलवत व्हता, हितं ह्ये लावनार, तितं त्ये लावनार.

शालन : मग?

सोनबा : मग मी त्याला वरडून सांगितलं, सही करू नको.

शालन : काय म्हनला?

सोनबा : त्याला बी ऐकू गेलं न्हाई. इंजन बंद करून परत सांगावं लागलं.

शालन : मला का न्हाई सांगितलंत निघताना?

सोनबा : तू इस्वास ठिवला नसतास.

शालन : कागद कुठं हाय?

सोनबा : खिशात. बिनसहीचाच हाय, बघ. उद्या दहाला तसाच परत देनार.

शालन : मी येनार गेटपतुर.

सोनबा : इस्वास न्हाई तुझा?

शालन : आज न्हाई.

सोनबा : ये मग. पर ऐक, सायेब चिडला तर गेटवरनं बी काढंल. त्याची तयारी ठेव.

शालन : दोन म्हशी हायत. अजून इकल्या न्हाईत.

सोनबा : व्हय.

शालन : आवं, पर सायबानं दुसरा मानूस धाडला तर भिमाजीकडं? उद्धवराव, न्हाईतर आनखी कोन?

सोनबा : धाडू दे. परक्याला न्हाई म्हनायला त्याला जड जानार न्हाई.