डाव्या हाताचं तीर्थ

सन्माननीय अध्यक्ष महिपतराव, त्यांच्या शेजारी विराजमान झालेले शास्त्रीबुवा आणि भिकाजीपंत वकील, आजचे सत्कारमूर्ती काशीराम मास्तर, आणि रत्नागिरीतल्या सुजाण बंधुभगिनींनो,

मास्तरांच्या निरोपाला केवढी ही गर्दी! हार, नारळ, शालसुद्धा! ज्या नऊ जणांनी अर्ज करून त्यांची बदली घडवली, त्यांनीच हौसेनं शाल आणावी, याला फारच थोर मन लागतं. शाळेचा हेडमास्तर म्हणून मी चार गोड शब्द बोलावेत, अशी अध्यक्षांची आज्ञा आहे. प्रयत्न करतो.

मार्गशीर्षात गावात तंबूतला सिनेमा आला होता. मुका, पेशवाईतला. त्यातला महंत संसार सोडून बसलेला, पण लाडवांचं ताट, पालखी आणि गाणारीण, तिन्हींपुढे विरघळणारा. पडद्यावरची अक्षरं सगळ्यांना कुठली वाचता येणार? म्हणून काशीराम मास्तर ती मोठ्यानं वाचून दाखवत. "महंत म्हणतात, हे ताट माझ्यासमोरून न्या!" आणि वर पदरचं, "पण जरा नाकाजवळून न्या!" तंबू हसून लोळायचा.

आमच्या प्रतिष्ठितांना ते झोंबलं. वरच्या कचेरीत अर्ज गेला. तक्रार काय, तर "चित्रात महंत भक्तांना डाव्या हाताने तीर्थ देतो. अशा धर्मनिंदेला आवाज पुरवणारा शिक्षक आमच्या मुलांना नको." अर्ज माझ्याकडे शेऱ्यासाठी आला. मी लिहिलं, "हकीकत खरी आहे." झालं! चौदा वर्षं या शाळेत राबलेल्या माणसाची दापोलीकडच्या डोंगरातल्या एका वाडीवर रवानगी.

हुकूम आला त्या दिवशी मी घरी हळहळत होतो. आमची बहीण आनंदीबाई ताक घुसळता घुसळता म्हणाली, "दादा, डावा हात कुठला? उजव्याच हातानं दिलंन की तीर्थ! मी समोर बसल्ये होत्ये."

समोर! बायका समोर होत्या, गाडीवान, खलाशी समोर होते. त्यांना कोणाचं भय? आम्ही प्रतिष्ठित माणसं मात्र कोणी पाहू नये म्हणून पडद्याच्या मागच्या अंगाला, अंधारात जाऊन बसलो. पाणी मारून भिजवलेल्या कापडातून चित्र आरपार दिसतं. पण उलटं दिसतं, सज्जनहो! समोरच्यांचा उजवा हात तो आमचा डावा. म्हणजे आपण कुठे बसलो होतो, हे या नऊ धर्मरक्षकांनी स्वतःच सही करून कळवलं. शास्त्रीबुवा, आपण तर खेळाच्या रात्री कीर्तनाला होतो म्हणून सांगता ना? वकीलसाहेब, आपण एवढ्या उलटतपासण्या घेता, आपल्याही ध्यानात आलं नाही?

हसू नका. मीही तिथेच होतो. तीनदा. एकदा धर्म बुडतो का ते पाहायला, आणि दोनदा गाणारणीसाठी. त्या महंतानं लाडू निदान चारचौघांत खाल्ला. आमच्यात तेवढीही धमक नव्हती. मला तुम्हा सगळ्यांची किळस येते, आणि माझी जरा जास्तच, कारण माझ्या एका ओळीवर हा हुकूम निघाला.

गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. मास्तरांच्या पत्नी सगुणाबाईंना आठवा महिना आहे. परवा बोटीवर चढण्यासाठी त्यांना आधी हेलकावणाऱ्या पडावात, त्या एवढ्याशा होडीत, उतरावं लागेल. त्या अवस्थेतल्या बाईनं ते कसं करायचं, हे अर्जात कोणी लिहिलेलं नाही.

आज सकाळीच मी वर कळवलं आहे की माझा शेरा खोटा आहे, मी पडद्यामागे बसलो होतो. पण एकट्याच्या पत्रानं हुकूम फिरायचा नाही. म्हणून दुसरा अर्ज लिहून आणला आहे. "आम्ही मागे बसलो होतो, आम्हांला उलटं दिसलं," एवढाच मजकूर. तो इथे टेबलावर ठेवतो, शेजारी दौत-टाक. नऊ सह्या हव्यात. टपाल निघायला अजून तासभर आहे.

बोलायची संधी दिलीत याबद्दल अध्यक्षांचा आभारी आहे. ती पुन्हा मिळायची नाही, हे जाणून आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर मला माफ करा. तुमच्या अर्जाची माफी मात्र मास्तरांकडे मागावी लागेल, आणि ती मागायला समोर यावं लागेल.