मातीला कोण आलं?

लोणावळ्याहून औंढ्याला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. तिशीतला एक जण त्याच्याशेजारी येऊन टेकला.

“हौशीरामआबा, माज्या आजीच्या मातीला आला न्हाईत. समदं गाव हुतं.”

“बयाबाई गेली? कवा?”

“मंगळवारी. नाटक नका करू.”

“आरं, पंधरा दिस लेकीकडं हाय मी, लोणावळ्यात. कुनी कळवलंच न्हाई.”

“गावच्या ग्रुपवर टाकलंतं की.”

“त्यातनं तूच काढलंस ना मला, आदिनाथ? रिसॉर्टच्या बोरनं आपल्या इहिरी आटतील का, येवढंच ग्रामसभेत इचारलं मी. तू लिवलंस, बाहेरच्यांचा एजंट, रिसॉर्टमदला रोजगार बुडवायला गावाच्या इरोधात कट करतोय.”

“आन मातीलाबी आला न्हाईत. तितंच लोक म्हनले, बगा, एजंट हायच.”

“त्यो इहिरींचा सवाल बयाबाईचा हुता.”

“काय?”

“गुडगं दुखत्यात, सभेत तूच इचार, म्हनली.”

“मग तवाच तिचं नाव का न्हाई घेतलं?”

“घेतलं असतं, तर मंगळवारी गाव आलं असतं?”