विधवांच्या होडीतली जागा

पेरीना : बसायचं तर बस, पण ती अंजिरं परत घेऊन जा. आणि मंगळवारी माझ्या खिडकीखाली पर्यटकांना काय सांगत होतास, ते आधी बोल.

रोको : नेहमीचंच गं मावशी. घंटाघर, मग विहीर, मग कॅप्टनचं घर, मग तुमच्या गल्लीतल्या पायऱ्या. वीस जण होते, उन्हाने अर्धमेले झालेले. सावलीत उभं केलं, दोन शब्द बोललो.

पेरीना : दोन शब्दांसाठी वीस जण माझ्या खिडकीचे फोटो काढतात?

रोको : सुंदर आहे खिडकी.

पेरीना : रंग उडालाय तिचा. मला बनवू नकोस, बाप्तिस्म्याला तुला याच हातांवर धरलंय मी.

रोको : जुन्या काळची एक गोष्ट सांगितली, झालं. नाव घेतलं नाही कुणाचं. आणि सांगितली ती जर्मनमध्ये. गल्लीत कुणाला कळणार होतं?

पेरीना : समोरच्या तोन्काला.

रोको : तोन्का तर...

पेरीना : तरुणपणी बावीस वर्षं म्युनिकला हॉटेलात भांडी घासली तिने. खालचा स्टिपे तिकडे पुलांच्या कामावर होता. निम्मी गल्ली जर्मनीत राबून आलीय. रोज लोकांना या गल्लीचा इतिहास सांगतोस, आणि एवढं आठवलं नाही तुला?

रोको : (खाली बघत) किती ऐकलं तिने?

पेरीना : सगळं. दारामागे शेंगा सोलत बसली होती. तू सांगत होतास, त्या हिरव्या खिडकीतल्या बाईचा नवरा बुडालाच नाही, होडी मोकळी सोडून समुद्रापलीकडे इटलीला पळाला. त्याचं पत्र आलं, ते तिने चुलीत घातलं आणि काळे कपडे तसेच अंगावर ठेवले. शब्द न् शब्द म्हणून दाखवला मला.

रोको : मी वाईट नाही बोललो गं तुझ्याबद्दल. किती धीराची बाई, असंच म्हणालो. दोघी जणी रडल्यासुद्धा.

पेरीना : रडल्या ना? मग भरून पावलास. चार वर्षांपूर्वी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुला बोलावलं होतं मी. पाद्रींना नाही, पोटच्या पोरीला, नेदालाही नाही. वाटलं, मेलेच तर निदान एकाला तरी खरं माहीत असावं. माझा हात धरून काय म्हणाला होतास?

रोको : कुणाला सांगणार नाही म्हणालो होतो.

पेरीना : मग?

रोको : तीच विहीर, तोच कॅप्टन, शिबेनिक शहरातले सगळेच गाईड सांगतात. लोक जांभया देतात गं तोंडावर. त्या दिवशी बोलता बोलता निघून गेलं.

पेरीना : त्या दिवशी? तोन्का म्हणते, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं पाठ होतं तुला.

रोको : मे महिन्यापासून सांगतोय.

पेरीना : मे. म्हणजे दर रविवारी माझ्याकडे जेवून जात होतास, तेव्हाही.

रोको : मी आत्ता जातो तोन्काकडे. सांगतो, गोष्ट मीच रचली.

पेरीना : ते मी कालच करून पाहिलं. तोंडभरून खोटारडा म्हटलं तुला. ती म्हणाली, तू त्याची धर्ममाता, तुझ्याबद्दल तो असलं कशाला रचेल? तिचा नवरा अंते खरंच बुडाला रे. तिसऱ्या दिवशी जाळ्यात सापडला. एकतीस वर्षं मरियामातेच्या सणाला मी तिच्या शेजारी बुडालेल्यांच्या विधवांच्या होडीत बसतेय. पाण्यात फुलं सोडताना ती माझा हात धरायची. मला धीर द्यायची ती, मला.

रोको : तुझं दुःखही खरंच होतं.

पेरीना : होतं. पण बुडालेल्याच्या बायकोचं नव्हतं. पहिले आठ महिने तो बुडालाय असं समजूनच रडले मी. पत्र आलं तोवर चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा होऊन गेला होता, गल्ली रोज दारात मासळी आणून ठेवत होती. कुठल्या तोंडाने सांगणार होते? काल संध्याकाळी निरोप आलाय. या वर्षी विधवांच्या होडीत जागा कमी आहे.

रोको : कुणी पाठवला?

पेरीना : मी विचारलं नाही.

रोको : आणि नेदा? शनिवारी रियेकाहून येतेय ना ती सणाला? लेकाला आजोबांचं नाव ठेवलंय तिने. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत मी तिला फोन करतो. सगळं माझ्यावर घेतो.

पेरीना : मीच केला सकाळी.

रोको : सांगितलंस?

पेरीना : सगळं. होडी, पत्र, चूल.

रोको : वडील कदाचित जिवंत असतील, हे ऐकून ती...

पेरीना : त्याचं काहीच विचारलं नाही तिने. एवढंच म्हणाली, रोकोला कधीपासून माहीत होतं?