पहिल्या षटकाचा दुसरा चेंडू

आबासाहेब : काल संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी सामना संपला. कर्जत आठ षटकांत एकशे एकवीस, आपलं मिरजगाव सर्वबाद अडतीस. त्र्याऐंशी धावांनी हार. सगळं लिहिलंय. खाली अंपायरची सही तेवढी राहिलीय. कर, फैयाज.

फैयाज : आबा, मीटिंगआधी करू की नंतर?

आबासाहेब : सहीचा आन् मीटिंगचा काय संबंध? बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर हुतो. फेरी संपली की हिशोब भरून द्यायचा. गाडीतली भांडणं मिटायची वाट बघत न्हाई बसलो कधी.

फैयाज : रविवारच्या फायनलला मला उभं करायचं की नाही, ते अकरा वाजता ठरणार. अठरा वर्षं त्या मैदानावर अंपायर म्हणून उभा आहे. आज काढलं, तर कमिटीच्या कागदावर कारण लिहितील. पक्षपात. मग तुमच्या वहीतल्या माझ्या जुन्या सह्यांकडेसुद्धा लोक त्याच नजरेनं बघतील.

आबासाहेब : ज्यानं तक्रारीचा अर्ज लिहिला, तोच आला बघ. बिभीषण, गाडी जरा पलीकडं लाव रं. गिरणीच्या दारात लोकांचे डबे हायत.

बिभीषण : लावतो आबा. मी स्कोअरबुक न्यायला आलोय. कमिटीनं मागवलंय.

आबासाहेब : फैयाजही बसलाय. रामराम तरी घाल.

बिभीषण : घातला समजा.

फैयाज : असू द्या, आबा.

बिभीषण : असू द्या कसं? दोन हजार माणूस बसलं हुतं काल. आमचा कॅप्टन, गोरक्षदाजी, आमचा मेन बॅट्समन, दुसऱ्या बॉलला आउट दिला. कॅच मागं. आन् कॅच घेणारा कीपर कोन? अलीम. ह्यांच्या बहिणीचं पोरगं. भाच्यानं वराडायचं आन् मामानं बोट वर करायचं.

फैयाज : अलीम कर्जतकडून चार वर्षं खेळतोय. मागच्या साली याच मैदानावर त्याला मी धावबाद दिला होता. तेव्हा तू मला खांद्यावर घेतलं होतंस.

बिभीषण : तवाची गोष्ट येगळी.

फैयाज : वेगळी कशी? तेव्हा तुम्ही जिंकला होता, एवढंच.

बिभीषण : रिव्ह्यू घेतला ना दाजींनी? आउट दिल्या दिल्या हातानं खूण केली. ज्याची बॅट लागलीय, त्यो माणूस रिव्ह्यू घेईल का? आन् मॅच मोबाईलवर लाईव्ह दाखवनाऱ्या पंकजाच्या कॅमेऱ्यात काय दिसलं? काहीच न्हाई.

आबासाहेब : पंकजाचा कॅमेरा एक. त्यो पन परांचीवर, दीडशे फुटांवर. तिनं चारदा मागं घेऊन दाखवलं आन् माईकवर सांगितलं, एवढंच दिसतंय. लागला न्हाई, असं न्हाई म्हनली ती.

बिभीषण : आवाज तरी यायला पायजे की!

आबासाहेब : कसा येईल? टेनिसचा बॉल, आन् शेजारी तुमचा डीजे. गोरक्ष बॅटिंगला निघाला तसा जो सुरू झाला, त्यो आउट झाल्यावरच थांबला.

बिभीषण : मग शंकेचा फायदा बॅट्समनला.

आबासाहेब : त्यो मैदानातल्या अंपायरला शंका आसली तर. रिव्ह्यूत पुरावा न्हाई मिळाला, तर आधीचा निकाल कायम. कमिटीनंच छापलंय, नियम नऊ. त्या कागदावर कॅप्टन म्हणून गोरक्षची सही हाय.

बिभीषण : नियम दाखवू नका, आबा. दाजी टिकले आसते तर मॅच फिरली आसती.

आबासाहेब : किती केल्या आसत्या त्यानं? तीस? चाळीस? मग त्रेचाळीसनं हरलो आसतो. पाच कॅच सोडले आपन. दोन तर गोरक्षनंच. एकोणीस वाईड. त्याचा रिव्ह्यू कुनी मागितला न्हाई.

फैयाज : आबा, त्याला हरण्याचं एवढं वाटत नाहीये. कुणामुळे हरलो, ते त्याला हवंय. बिभीषण, मामा-भाच्याचं तू गावाच्या ग्रुपवर लिहिलंस. ठीक आहे. पण त्याच्या खाली दुसऱ्या एकानं जे लिहिलं, ते तू वाचलंस ना?

बिभीषण : ते मी न्हाई लिहिलं.

फैयाज : अंगठा दिलास.

बिभीषण : गडबडीत सगळ्यालाच देत हुतो.

फैयाज : माझ्या अरफानं वाचलं ते, माझ्याआधी. आज सकाळी मला विचारते, अब्बा, आपण या गावात कधीपासून राहतो? मी म्हटलं, माझ्या आजोबांची कबर इथं आहे. ती म्हणाली, मग ते असं का लिहितात? तुला येत असेल उत्तर, तर घरी येऊन दे तिला.

बिभीषण : मी... त्याच्यावर मी काय बोलू? पर बॅट लागली न्हाई, एवढं मी छातीठोक सांगतो.

आबासाहेब : तू कशावरनं सांगतोस? तू तर पवेलियनमधी हुतास.

बिभीषण : दाजींनी सांगितलं. आल्या आल्या.

आबासाहेब : बरं. गाडीला कुनाची बॅग हाय?

बिभीषण : दाजींची. काल ते तसेच जीपनं निघून गेले, तापले हुते लई. मीटिंगला आल्यावर द्यायचीय.

आबासाहेब : बॅट हाय तिच्यात?

फैयाज : नको, आबा. अंपायर बॅट तपासत नसतो.

आबासाहेब : तू नको तपासूस. मी स्कोअरर हाय. हे बघ बिभीषण, पहिलं षटक. पहिला बॉल, गोरक्षनं सोडला, टिंब. दुसरा बॉल, झेल. म्हंजे नवा कोरा बॉल बॅटला लागला आसंल तर एकदाच. आन् बॅट बी नवी, तिची प्लॅस्टिकची पिशवी काल सकाळी माझ्यापुढं फाडली. नवा टेनिस बॉल पांढऱ्या बॅटच्या कडंला हिरवट डाग सोडतो. तूही लहानपनापासनं खेळलायस.

बिभीषण : मग बघाच की! थांबा, आनतो. ...ही घ्या. ही कड बघा, ती कड बघा. हाय कुठं डाग? एकदम कोरी. बोला आता, फैयाजभाई! बोला!

आबासाहेब : डाग न्हाई.

बिभीषण : न्हाईच! लिहा तुमच्या वहीत.

फैयाज : खाली बघा, आबा. तळाला.

आबासाहेब : तळाला काय?

फैयाज : माती नाही. गोरक्ष चेंडू येईपर्यंत बॅट ठोकत राहतो. खेळपट्टीवर काल दुपारीच पाणी मारून रोलर फिरवलेला. तळाला लाल माती हवी होती. दुकानातून आणावी तशी आहे ही.

बिभीषण : माती कशी दिसंल? मी पुसली ना.

आबासाहेब : कधी?

बिभीषण : कालच. दाजी आउट होऊन आले, बॅट माझ्या हातात दिली. म्हनले, ओल्या फडक्यानं पुसून काढ, नवी हाय, खराब हुईल. कड नीट पूस म्हनले. मी पुसली आन्...

आबासाहेब : बोल की.

बिभीषण : काही न्हाई.

आबासाहेब : ग्लोव्हज काढायच्या आधी दिली, की नंतर?

बिभीषण : आधी. टोपी बी काढली नव्हती.

आबासाहेब : फडकं कुठंय?

(बिभीषण बॅगेचा बाजूचा कप्पा उघडतो. वाळलेलं फडकं बाहेर काढतो.)

आबासाहेब : उजेडात धर. एका जागी माती. आन् हे हिरवट?

बिभीषण : गवताचं आसंल.

आबासाहेब : मिरजगावच्या मैदानावर, मे महिन्यात, गवत?

बिभीषण : आबा, मला खरंच म्हाईत नव्हतं. डीजेच्या नादात मी बघितलं बी न्हाई काय पुसतोय ते. फैयाजभाई, आईशपथ.

फैयाज : शपथ नको घालूस. तुला माहीत नव्हतं, हे मला दिसतंय.

बिभीषण : त्यांनी रिव्ह्यू तरी कशाला घेतला मग?

फैयाज : दोन हजार माणसं बसली होती. दुसऱ्या चेंडूवर मान खाली घालून कोण परत जाईल? तेवढं मी समजू शकतो. बॅट आपटत गेला, तेही समजू शकतो. पण रात्रभर ग्रुपवर माझं जे चाललं होतं, ते तो वाचत होता. त्याला एका ओळीत थांबवता आलं असतं.

आबासाहेब : अर्जावर सह्या किती?

बिभीषण : त्रेचाळीस.

आबासाहेब : पहिली?

बिभीषण : माझी.

आबासाहेब : मग फडकं घेऊन मीटिंगला जा आन् सांग.

बिभीषण : कसं सांगू, आबा? माझ्या बहिणीला, ज्योतीला, त्या घरात नांदायचंय. आत्ता कुठं दोन वर्षांनी तिचं येणं-जाणं नीट सुरू झालंय. भरल्या मीटिंगमधी मी दाजींना खोटं पाडलं, तर दिवाळीला तिला कोन पाठवंल? फैयाजभाई, तुमीच सांगा. तुमाला बी बहीण हाय.

फैयाज : आहे. त्याच बहिणीच्या पोराला मी कॅच दिला म्हणून तू अर्ज केलास.

बिभीषण : तुमी म्हना, जा. मी जातो.

फैयाज : मी नाही म्हणणार. माझा निकाल मी काल दिलाय. आबा, वही इकडे द्या. सही करतो.

आबासाहेब : कर. हितं. तारीख बी टाक.

बिभीषण : मी... निघतो. पावनेअकरा झाले.

आबासाहेब : वही घे. बॅग घे. फडकं राहिलं बघ.

बिभीषण : घेतो. खिशात ठेवतो.

आबासाहेब : गेला. चहा टाकायला सांगू का रे?

फैयाज : नको. दुकान उघडतो. दोन खिडक्यांचं वेल्डिंग राहिलंय.

आबासाहेब : थोडं थांब. पंकजाला लॅपटॉप घेऊन बोलावलंय मीटिंगला. ती करंल फोन.

फैयाज : तुम्ही थांबा. मला नंतर सांगा.

(पंचवीस मिनिटं झाली तरी फैयाज गिरणीच्या दारातच आहे. आबासाहेबांचा फोन वाजतो.)

आबासाहेब : आरं, तिचाच आला बघ. हॅलो... हां, बोल पोरी. ...सुरू झाली? ...बरं. ...आन् बिभीषण? ...बरं, बरं.

फैयाज : काय म्हणते?

आबासाहेब : अर्ज वाचून झाला. अध्यक्षांनी विचारलं, कुनाला काय बोलायचं हाय का.

फैयाज : मग?

आबासाहेब : बिभीषण गोरक्षच्या शेजारी बसलाय. उठून उभा राहिलाय. एक हात शर्टाच्या खिशावर.

फैयाज : आणि?

आबासाहेब : दारातनं एवढंच दिसतंय म्हनली.